शेरा क्रमांक नऊ

४ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच कुठेतरी टाकून दिलं असशील. दोन दिवसांनी उघडलंस तरी चालेल, फक्त त्यावर चहाचा कप ठेवू नकोस. आत सरकारी कागद आहे.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं चालू आहे. एप्रिलअखेर निवृत्त होतेय. तुझा पत्ता मावशीच्या थोरल्याकडून मिळवला. तू आता नदीवर फेरीबोट चालवतोस, दिवसाला सोळा खेपा करतोस, हेही त्याच्याकडूनच कळलं. आई गेली त्या वेळी आपण भेटलो तेव्हा तू मला यातलं काहीच बोलला नव्हतास. तेव्हा आपण एकूण चार वाक्यं बोललो आणि त्यातली दोन चहाबद्दल होती.

आता कामाचं. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या सगळ्या जुन्या फायली लोकांसाठी खुल्या करायच्या, असं सरकारने ठरवलंय. टीव्हीवर कोणी निवृत्त वैमानिक बोलला, मग लोकांनी सह्या गोळा केल्या, मग सभागृहात प्रश्न विचारले गेले. आमच्या या तळघरातल्या खोलीत चोवीस वर्षं पावती-पुस्तकं मागायलासुद्धा कोणी चुकून येत नसे. आता दारासमोर रोज रांग असते. एक आजोबा घडीची खुर्ची घेऊनच येतात. एका बाईंना त्यांच्या गच्चीवरून उडालेली चादर कोणी 'चमकती तबकडी' म्हणून कळवली होती का, ते बघायचंय. (कळवली होती. दोघांनी.)

दहा एप्रिलला फायली उघडायच्या. तोवर प्रत्येक फाइल पहिल्या पानापासून वाचायची आणि ज्याने काही पाहिलं त्याच्या नावावर काळी पट्टी मारायची, हे काम माझ्याकडे आहे. नाव तसंच ठेवायचं असेल तर त्या माणसाची सही लागते. वाचता वाचता तुझी फाइल माझ्या हाताला लागली. त्यावर 'शेरा दोन' आहे, म्हणजे हवामान खात्याचा फुगा. त्या वेळी ती फाइल दुसऱ्या टेबलावर होती, हे तुला मी तेव्हाच सांगितलं होतं.

सोबत संमतिपत्र आहे. 'नाव झाकावे' किंवा 'नाव झाकू नये', दोनपैकी एकावर खूण कर आणि परत पाठव. माझं म्हणशील तर झाकलेलं बरं. बावीस वर्षांपूर्वीचं प्रकरण, उगाच कोण उकरतंय.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. मी रागावलेले नाही, म्हणजे थोडी आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

आज एक गोष्ट घडली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. रांगेतून एक तिशीच्या आतबाहेरची बाई आत आली. दातांची डॉक्टर आहे. खुर्चीवर बसायच्या आधी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचा उजवीकडचा गाल सुजलाय, दाढ दुखते का?" मी म्हटलं, कामाचं बोला. तर ती म्हणाली, "मला आमच्या स्कूलबसची फाइल बघायचीय. पाण्याच्या टाकीजवळची. मी त्या बसमध्ये होते."

मी तिला म्हटलं, फायली दहा तारखेला उघडतील, तेव्हा या. पण ती उठेचना. म्हणाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसायचे, दोन वेण्या घालायचे. आणि मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला. आम्हाला म्हणाले, डोकी खाली करा, कोणी उठायचं नाही. मग ते खाली उतरले, बाहेरून दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. हात असे." असं म्हणून तिने दोन्ही हात पसरले आणि माझा पेनांचा डबा खाली पाडला. "ते वरती जे काय होतं ते जाईपर्यंत काका तसेच उभे होते. ते थरथरत होते. मला काचेतून त्यांची पाठ दिसत होती. आणि नंतर सगळे म्हणाले की ते बस सोडून पळाले."

मी पेनं गोळा करत राहिले. चांगली चार मिनिटं लागली मला सहा पेनं गोळा करायला.

जाताना तिने विचारलं, "मी तेव्हा एक चित्र पाठवलं होतं. पत्त्यात फक्त 'आकाशाचं ऑफिस' लिहिलं होतं. ते पोचलं होतं का हो?"

मी सांगितलं, बघावं लागेल.

बारक्या, बघावं लागणार नव्हतं. पोस्टमनने ते बरोबर आणून दिलं होतं. पिवळी बस आहे, खिडक्यांतून एकोणीस गोल डोकी आहेत, तिने मोजून काढलीयत. वर करड्या रंगाचं काहीतरी लांबट आहे, ते तिने तीनदा खोडून काढलंय. आणि बसच्या दारासमोर तू आहेस, हात पसरून, बसपेक्षा उंच. मागे आवक शिक्का आहे. त्या शिक्क्याखाली सही माझी आहे.

दाढ खरंच दुखतेय. तिने परवाची वेळ दिलीय. नाही म्हणता आलं नाही.

ताई


१ मार्च

बारक्या,

तुझं पाकीट आलं. संमतिपत्र कोरंच, आणि मागे तुझी एक ओळ: "बस सोडून पळालेल्या माणसाचं नाव झाकलेलंच बरं."

ही ओळ मी ऑफिसात वाचली, मग संध्याकाळी घरी भाजी चिरताना वाचली, आणि मग भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

तू त्या आठवड्यात माझ्या घरी आला होतास. दारातच उभा राहिलास, आत ये म्हटलं तरी आला नाहीस. म्हणालास, "ताई, बस कंपनीने तुमच्या ऑफिसला पत्र टाकलंय, आकाशात खरंच काही होतं का म्हणून. तुझ्या ऑफिसात एवढं सांग ना, नीट बघा म्हणावं." आणि मी म्हणाले, ते माझ्याकडे नाही रे, दुसऱ्या टेबलावर आहे.

त्या खोलीत टेबलं दोनच होती. दुसऱ्यावर पंखा होता.

तुझी फाइल माझ्याकडेच होती. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे तू माझा भाऊ आहेस हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी ते साहेबांना सांगून फाइल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. नियमच होता तसा. पण मी मूग गिळून बसले. मला वाटलं, ऑफिसात हसतील, तबकडीवाल्याची बहीण म्हणतील. नोकरीला दोनच वर्षं झाली होती.

आमची पद्धत तुला माहीत नाही. कोणी काही पाहिलं असं कळवलं की तीस दिवसांत फाइल निकाली काढायची. शेरा एक म्हणजे ग्रह किंवा तारा. दोन म्हणजे फुगा, तीन म्हणजे विमान, चार म्हणजे पक्षी नाहीतर ढग, पाच म्हणजे बघणाऱ्याचा भ्रम. सहा, सात, आठ नाहीतच, का नाहीत ते कोणालाच माहीत नाही. आणि नऊ म्हणजे 'ओळख पटली नाही'. नऊ दिला की साहेबांच्या सहीने वर पत्र जायचं आणि वरून चौकशी यायची. म्हणून आमच्या विभागाने तोवर एकदाही नऊ दिला नव्हता. साहेब हे पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे.

तर मी तक्ता काढला. हवामान केंद्रातून रोज संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडतात. तू पाहिलंस पावणेसहाला. वारा टाकीच्याच दिशेने होता. सगळं कसं चपखल बसलं. मला हायसं वाटलं बघ. फुगा म्हणजे तू वेडा नाहीस, फक्त फसलास. मला वाटलं, शेरा पाच देण्यापेक्षा दोन देऊन मी तुला वाचवतेय. उत्तर टाइप केलं, साहेबांची सही झाली, पाकीट बंद केलं.

पाकीट जायच्या आधी मी हवामान केंद्राला फोन केला. आम्ही फोन करत नसू, तक्त्यावरूनच भागवायचो. तरी का केला कोण जाणे. फोनवरचा माणूस कसलातरी पाव खात होता. तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "त्या दिवशी? छे हो बाई. गॅसच संपला होता. फुगा नाहीच सोडला."

मी आभार मानले, फोन ठेवला आणि पाकीट टपालात टाकलं. सही झालेलं पत्र परत मागायचं म्हणजे साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं म्हणजे नऊ. आणि नऊ म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे तू माझा कोण. मी एवढा विचार केला असं आता लिहितेय, पण तेव्हा फक्त हात पुढे गेला आणि पाकीट पेटीत पडलं.

ते चित्र त्याच दिवशी दुपारी आलं. मी ते फाइलच्या शेवटी लावलं आणि त्यावर लिहिलं: 'जोडपत्र, संबंध नाही'.

कंपनीने निकाल दिला की साध्या फुग्याला घाबरून ड्रायव्हर एकोणीस मुलं रस्त्यात टाकून बाहेर पळाला. मुलांना कोणी विचारलं नाही. मागच्या गाडीतल्या ज्या पालकाने तक्रार केली, त्याला तू फक्त उतरताना दिसला होतास. तुझी बस गेली, तू शहर सोडलंस, आणि लोक तुला फुगेवाला म्हणायला लागले तेव्हा मीही कोणाला थांबवलं नाही.

हे सगळं तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होते, नाही मिळाला.

ताई


२० मार्च

बारक्या,

तुझ्याकडून काही नाही. अपेक्षाही नव्हती. मी मात्र हातपाय हलवलेत, तेवढं कळवते.

आमच्या नव्या बाईसाहेब माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत आणि शब्द तोलूनमापून बोलतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. तळघरातल्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात, तरी लावली. मग म्हणाल्या, "बाई, तो फोन तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तुम्ही बोलला नसतात तर हे कधीच कळलं नसतं."

मी म्हटलं, "म्हणूनच बोलतेय."

"साक्षीदाराचं नाव झाकता येतं. कर्मचाऱ्याचं नाही. तुमचं नाव उघडं जाईल. निवृत्तीच्या वीस दिवस आधी."

मी म्हटलं, माहितेय. काळ्या पट्ट्या मीच मारतेय.

"आणि पुरावा?"

पुरावा आणायला मी स्वतः हवामान केंद्रात गेले. दोन बस बदलून टेकडीवर. गुडघ्यांनी मला वाटेत यथेच्छ शिव्या घातल्या. तिथल्या मुलीने कपाटावरून जुनी नोंदवही काढून दिली, धूळ झटकायला स्वतःची ओढणी वापरली बिचारीने. पान सापडलं. तारीख, वेळ, आणि पुढे गिचमिड अक्षरात: 'गॅस नाही. फुगा सोडला नाही.' त्या पानावर पावाचा तेलकट डागसुद्धा असावा असं मला उगाच वाटत होतं. नव्हता.

पानाची नक्कल शिक्क्यासह आणली. दुरुस्तीची टिपणी मी हाताने लिहिली. आधीचा शेरा दोन चुकीचा होता, चूक निदर्शनास आली असूनही लिहिणारीने ती लपवली, साक्षीदार लिहिणारीचा सख्खा धाकटा भाऊ आहे. खाली नाव, सही. मग बाईसाहेबांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. शेरा क्रमांक नऊ. इतकी वर्षं पडून होता, शाईच धरेना. तीनदा उठवावा लागला. ओळख पटली नाही.

चित्रावरचा 'संबंध नाही' हा शेरा मी खोडला आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर लावलं.

टिपणी आणि चित्राची प्रत तुझ्या जुन्या कंपनीलाही पाठवलीय. त्यांचं उत्तर लगेच आलं, 'नोंद घेतली आहे.' ही भाषा मी चोवीस वर्षं लिहिलीय. याचा अर्थ कागद टोपलीत गेला. मग मी दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. तिने दाढ काढताना मला बोलता येत नाही याचा फायदा घेऊन सगळं ऐकवलं होतंच. आता म्हणाली, "थांबा, बाकीच्यांना शोधते." त्या एकोणीस मुलांतल्या अकरा जणांचा तिला पत्ता लागलाय. एक सुतार आहे, एक पोलिसात आहे, एकीला जुळी झालीयत. सगळ्यांनी लिहून द्यायचं कबूल केलंय.

बारक्या, ते काय होतं हे मला माहीत नाही. आजही माहीत नाही. पण तू पळाला नव्हतास. हे आता सरकारी कागदावर आहे, आणि त्या कागदावर पट्टी मारायची की नाही हे फक्त तूच ठरवायचंस. नवं संमतिपत्र सोबत आहे. मी काही सुचवणार नाही.

ताई


६ एप्रिल

बारक्या,

काल संध्याकाळी तुझं पाकीट मिळालं. मी जिन्यातच बसून फाडलं. वरच्या मजल्यावरचे शेजारी मला ओलांडून गेले, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

संमतिपत्रावर तू 'नाव झाकू नये' यावर खूण केलीस. खूण इतकी दाबून केलीस की कागद मागून फुगलाय. त्यावर मी बोट फिरवून बघितलं. मग तुझी चिठ्ठी वाचली. चार ओळीच आहेत, पण मला पाठ झाल्यात.

"दहा तारखेला मी येणार नाही. गर्दीत मला घुसमटतं. तू जे केलंस ते मी विसरणार नाही, आणि आता जे केलंस तेही नाही. ताई, एवढ्या वर्षांत मला सगळ्यांनी विचारलं की तू उतरलास का. तू काय पाहिलंस, हे तूसुद्धा कधी विचारलं नाहीस."

खरं आहे. तुझ्या फाइलमध्ये मी परत पाहिलं. साक्षीदाराचं कथन या पानावर कंपनीच्या बाबूने दीड ओळ खरडलीय. आमचा चौदा प्रश्नांचा फॉर्म तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. तो पाठवायचं काम माझं होतं. तक्ता जुळला होता ना, मग कशाला विचारायचं.

कंपनीचंही पत्र आलंय. अकरा जबान्या पोचल्यावर त्यांना जाग आली. तुझ्या सेवापुस्तकातला 'मुलांना सोडून पळाला' हा शेरा त्यांनी रद्द केलाय आणि त्याजागी 'मुलांच्या रक्षणार्थ उतरला' असं लिहिलंय. प्रत सोबत आहे. ही मात्र चहाच्या कपाखाली ठेवू नकोस. भिंतीवर लाव, नाहीतर बोटीवर लाव, सोळा खेपा लोकांना वाचू दे.

ऑफिसात काही लोक माझ्याशी बोलायचे बंद झालेत, निरोप समारंभ होणार की नाही यावर कुजबुज चालू आहे. खुर्चीवाले आजोबा मात्र आज मुद्दाम आत आले आणि म्हणाले, "ऐकलं की तुमच्याकडे एक नऊ आहे." मी म्हटलं, आहे. त्यांनी विचारलं, "मग ते काय होतं?" मी म्हटलं, अजून चौकशी चालू आहे.

खरंच चालू आहे. निवृत्त व्हायला मला चोवीस दिवस आहेत. या रविवारी मी तुझ्याकडे येतेय. सकाळची गाडी पकडली तर दहाच्या खेपेला मी तुझ्या बोटीवर असेन. मला ओळखलं नाहीस तर काळी पिशवी बघ, आणि एक दाढ कमी. काठ सोडताना हात देशील ना? मला पाण्याची भीती वाटते हे तुला माहितेय.

पिशवीत तो चौदा प्रश्नांचा फॉर्म असेल, कोरा. तू बोट हाकताना सांगत राहा, मी लिहून घेईन. एका खेपेत नाही झालं तर दुसरी करू, सोळाच्या सोळा करू. पहिला प्रश्न आहे, 'आपण काय पाहिले?' त्याखाली कंसात छापलंय, 'थोडक्यात उत्तर द्यावे'.

ते मी खोडलंय.

तुझी ताई